न सोडलेली पट्टी

“सूज आली म्हणजे शरीर कामाला लागलंय. घाबरायचं नाही,” असं म्हणत विमलताईंनी खुर्चीतून न उठताच शारदाच्या पट्टीवरून बोट फिरवलं.

गोविंदपुऱ्यातल्या त्या कारखान्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. पॅकिंगमधल्या शारदाची करंगळी पत्र्याने कापली, त्याला आज तीन दिवस झाले होते.

“पण ताई, कालपेक्षा जास्तच ठणकतंय.”

“ठणकणारच. जखमेकडे रक्त धावतं, म्हणून लाली आणि ऊब. पांढऱ्या पेशी येऊन जंतूंना गिळतात, मग घाण साफ करतात. काम संपलं की सूज आपोआप उतरते.”

हे समजावून सांगायला त्यांना फार आवडे. दारात आणखी चौघी कौतुकाने ऐकत होत्या. पट्टी सोडून बघायचं राहून गेलं. तिसऱ्या दिवशी सूज उतरणीला लागायला हवी, वाढायला नको, हेही त्यांना ठाऊक होतंच.

दुसऱ्या दिवशी शारदाला ताप भरला. मनगटावरून लाल रेघ कोपराकडे चढली. इस्पितळात करंगळीचं वरचं पेर काढावं लागलं.

आठवड्याने विमलताई आनंद नगरला तिच्या घरी गेल्या. शारदाच्या नवऱ्याने, अशोकने, खुर्ची पुसून दिली.

“बसा ना ताई. तुम्ही किती छान समजावलं, ही सांगत होती. हिचीच बेपर्वाई. भिजवली असेल पट्टी.”

शारदा खाली बघत राहिली. पट्टी सोडून पाहिलीच नव्हती, हे तिने घरी सांगितलं नव्हतं. विमलताईंचे कान तापले. गप्प बसलं असतं तरी निभावलं असतं.

“चूक हिची नाही, अशोकराव. ठणकतंय म्हणून ही सांगत होती. मी पट्टी सोडून पाहिलीच नाही. चार जणी ऐकत होत्या, मी बोलत बसले.”

अशोक उठला आणि पाठ फिरवून दाराशी उभा राहिला. मग शारदाने हात पुढे केला.

“आज ड्रेसिंग बदलायचंय. तुम्हीच करा.”

विमलताईंनी साबणाने हात धुतले, पट्टी सोडली. टाके कोरडे होते. लाली ओसरून कडेला फिकट गुलाबी छटा उरली होती. ताणलेल्या कातडीवर पुन्हा बारीक सुरकुत्या दिसू लागल्या होत्या.

“दुखतंय?” त्यांनी विचारलं आणि उत्तर येईपर्यंत थांबल्या.