थोडा जीव ठेवून

हातात शस्त्र आलं की माणसाच्या मनगटात त्याचे पूर्वज जागे होतात. आत्मारामच्या हातात आत्ता मात्र लिपस्टिकएवढी मेणाची एक कांडी होती, पिवळट, टोकाशी कुणाच्या तरी बोटाचा ठसा असलेली, आणि जानेवारीच्या कोरड्या वाऱ्याने फुटलेल्या ओठांना लावायचीच ती असणार असं समजून त्याने ती तोंडापर्यंत नेलीही होती, तेवढ्यात गाडी चालवता चालवता अबू सैफ म्हणाला, "राम, वो मुंह का नहीं. रस्सी का है."

"हां हां. पता है, अरबाब," आत्माराम म्हणाला आणि त्याने कांडीचा वास घेतला, जणू मुळात वासच घ्यायचा होता.

रस्सी म्हणजे क्रॉसबोची दोरी. बंदुकीच्या दस्त्यावर आडवं धनुष्य ठोकलं की जे काही होतं ते मागच्या सीटवर ब्लँकेटमध्ये गुंडाळून, वरून पट्टा लावून झोपवलेलं होतं. शेजारी चार बाण, हातभर लांबीचे, पिसं प्लास्टिकची आणि नारिंगी. वळणावर ते किंचित घरंगळायचे आणि एकमेकांना लागून टिक् व्हायचं... मग बराच वेळ काही नाही, आणि मग पुन्हा टिक्. एरवी अबू सैफ गाडीत अखंड बोलायचा. लहानपणी डोळ्याच्या ऑपरेशनला मुंबईला नेलं होतं तेव्हाच्या गोष्टी, डोंगरीतली खानावळ, तिथली जिलबी. आज तो बोलत नव्हता. म्हणजे त्याला काहीतरी बोलायचं होतं.

आत्माराम ताम्हणे अबू सैफच्या टाइल्स आणि सॅनिटरीच्या कंपनीत मॅनेजर होता; शारजाहला येऊन एकोणीस वर्षं झालेली. अबू सैफ त्याचा अरबाब, म्हणजे मालक, आणि मालकाहूनही जास्त म्हणजे स्पॉन्सर. त्याच्या सहीवर आत्माराम, बायको विद्युल्लता आणि बारावीतली उर्वी असे तिघं ह्या देशात उभे होते. ती सही मार्चमध्ये पुन्हा लागणार होती. मार्चमध्येच उर्वीची बोर्डाची परीक्षा. आणि बुधवारी अबू सैफचा फोन आला होता, "राम, जुम्मा को फार्म पे आओ. शिकार करेगा."

फार्मवर तो ऑफिसातल्या कुणाला उगाच बोलवत नसे. आधीच्या मॅनेजरला, राजाभाऊंना बोलावलं होतं. भातावर अख्खं कोकरू आडवं घातलेलं, अबू सैफने स्वतःच्या हाताने त्यातला मऊ भाग तोडून राजाभाऊंच्या पुढे सरकवला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "राजा, तुम थक गया. अपना मुल्क देखो." राजाभाऊ हे पुढे दोन आठवडे सगळ्यांना सांगत होते, डोळ्यांत पाणी आणून — मालक असावा तर असा, माणसाची दमणूक कळते त्याला! — आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांची बायको, प्रमिलावहिनी, स्टीलची भांडी वर्तमानपत्रांत गुंडाळत होत्या. त्यांचा फ्रिज आत्मारामने घेतला. चांगला चालतोय अजून. मोटर सुरू होताना एकदा कण्हतो, एवढंच.

मी दमलेलो नाही, आत्माराम मनात म्हणाला. दिसतो का दमलेला? त्याने गाडीच्या आरशात बघायचा प्रयत्न केला, पण आरशात फक्त ब्लँकेट होतं.

"शिकारीला? तुम्हाला?" विद्युल्लता सकाळी म्हणाली होती. "अहो, तो तुम्हाला राम म्हणतो आणि हरीण मारायला नेतो. जाताना दाराशी रेघ तरी ओढून जा." ती हसली, आणि मग पोळी तव्यावर तशीच राहिली. "राजाभाऊंनाही फार्मवरच बोलावलं होतं ना?"

"ते जेवायला गेले होते. मी शिकारीला चाललोय."

"हो का. मग बरं."

पुस्तकातून मान वर न करता उर्वी म्हणाली, "बाबा, यू स्क्रीम ॲट लिझर्ड्स."

"ओरडत नाही. आईला हाक मारतो."

तो ज्या फोटोमुळे इथवर आला होता तो ऑफिसात त्याच्या कपाटावर होता. आत्मारामचे आजोबा, फेटा, कोट, आणि उजवा पाय मेलेल्या वाघावर. आजोबा एका संस्थानात खजिन्यावर कारकून होते. वाघ मारला राजेसाहेबांनी, पण फोटोग्राफर मुंबईहून आलेला, दिवसाचे पैसे घेतलेला, म्हणून दुपारी उरलेल्या वेळात संस्थानच्या अख्ख्या कचेरीने ओळीने त्या वाघावर पाय ठेवून फोटो काढून घेतले. हेडक्लार्कपासून कोठीवाल्यापर्यंत. असे बरेच फोटो बऱ्याच घरांत आहेत आणि सगळ्यांत वाघ एकच आहे. अबू सैफने फोटोकडे बघून "ये कौन?" विचारलं तेव्हा आत्मारामने "मेरे दादा" एवढंच सांगितलं होतं. त्यात खोटं काय आहे? पुढचं अबू सैफने स्वतःच ठरवलं.

रास अल खैमा मागे पडलं, सिमेंटच्या धुराची एक रेघ डोंगरांसमोर आडवी राहिली, आणि मग खजुरांच्या दोन रांगा, तारेचं उंच कुंपण, फाटक. फाटक उघडायला गनी आला. पेशावरकडचा, फार्मचं सगळं बघणारा, एका हातात बादली आणि कमरेला सुरी. त्याने आत्मारामकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, कपाट दारातून जाईल का हे बघतात तसं.

कुंपणापलीकडे गवतात हरणं होती. आत्मारामला वाटलं होतं वाळवंटातली असतील, पिवळी, हडकुळी. ही तर ठिपक्यांची होती. चितळ! ताडोबाला शाळेच्या सहलीत लांबून बघितलं होतं ते, इथे स्प्रिंकलरखाली ओलं होत उभं.

"इंडिया का है," अबू सैफ म्हणाला. "तुम्हारा भाई."

ह्याचा व्हिसा कुणी काढला, असं आत्मारामच्या तोंडावर आलं होतं. पण व्हिसा हा शब्द आज आपण होऊन काढायचा नाही, असं त्याने शारजाह सोडतानाच ठरवलं होतं.

मारायचा होता तो एक म्हातारा नर. शिंगं मोठी, स्वभाव वाईट, पावसाळ्यात त्याने — म्हणजे इकडे पावसाळा नसतो, तिकडचा पावसाळा असतो तेव्हा — दोन तरण्या नरांची पोटं फाडली होती. बंदूक चालणार नव्हती. बाजूच्याच तबेल्यात अबू सैफची घोडी दिवस भरत आलेली, आवाजाने बिथरली तर शिंगरू जायचं. म्हणून हे बिनआवाजाचं यंत्र, जर्मनीहून कुणीतरी भेट दिलेलं, आजवर कुणी न वापरलेलं. गवताच्या गठ्ठ्यांमागे बसून अबू सैफने ते दाखवलं. पुढच्या कडीत पाय अडकवायचा, दोन आकड्यांची दोरी घेऊन कमरेतून वर ओढायचं, खट् झालं की दोरी अडकली. मग बाण खाचेत. "अब सुनो. एक बार खींचा तो छोड़ना पड़ेगा. वापस नहीं होता."

"वापस नहीं होता," आत्मारामने शाळेत म्हणतात तसं म्हटलं.

"और राम, मारना नहीं."

आत्मारामला वाटलं सुटलो.

"मतलब, पूरा नहीं मारना," अबू सैफ शांतपणे म्हणाला. "तुम हिंदू. तुम्हारा तीर से मर गया तो हम लोग नहीं खा सकता. पीछे मारो, पैर में, रान में. गिर जाएगा. थोड़ा जान रखो. गनी जाएगा, बिस्मिल्ला करेगा, खलास. फिर सब मिल के खाएगा."

गनीने मान हलवली आणि बादली घेऊन कुंपणाच्या आत गेला.

थोडा जीव ठेवून. आत्मारामने ते मनात मराठी करून पाहिलं. काम सोपं होतं, नेमकं होतं, आणि त्याच्या लक्षात आलं की आजचा दिवस ह्याच्यावरच आहे: रानेत, म्हणजे मांडीत मारलं, गनीची सुरी फिरली, पंगत बसली, की अबू सैफच्या पोटात त्याच्या हातचं हरीण असेल आणि अशा माणसाला मार्चमध्ये कोण घरी पाठवतं? आणि नाही जमलं, तर तेच वाक्य, खांद्यावर हात. एकोणीस वर्षं ह्या देशाने आपल्यालाही असाच थोडा जीव ठेवून... अशी उपमा त्याला सुचली, आणि उपमा सुचायला लागल्या म्हणजे आपण फार घाबरलोय, हेही त्याने ओळखलं.

गनीने बादली वाजवली.

माद्या आधी आल्या. मग त्यांना बाजूला सारत तो आला, घाई नसलेला, मानेखाली काळपट झालेला, शिंगांना गवताची एक काडी लागलेली. आत्मारामने डोळा यंत्रावरच्या दुर्बिणीला लावला, आणि एका वाटोळ्या प्रकाशात एक कान हलला. बाकी सगळं — स्प्रिंकलर, अबू सैफच्या कपड्यांचं अत्तर, तबेल्यातून येणारी घोडीची फुरफुर — त्या वर्तुळाच्या बाहेर राहिलं, दार लोटून घेतल्यावर शेजारचा रेडिओ राहतो तसं. वर्तुळात एक बारीक फुली होती. फुली त्याने रानेवर ठेवली. रान चांगली होती. ताम्हण्यांच्या घरात रविवारी मटण हा धर्म होता, आणि वडिलांचा हात धरून खाटकाकडे उभं राहून तो सहाव्या वर्षापासून शिकला होता: ही रान, ही चाप, हा खांदा, आणि खांद्याच्या मागे हात घातला की कलेजी, आणि कलेजीच्या जरा पुढे ते दुसरं, जे खाटीक फुकट टाकायचा पुडीत. कातडीच्या आतलं सगळं त्याला बाहेरून दिसत होतं. कुणी शिकवलं नव्हतं असं नाही. पण हे शिक्षण आहे हे आजवर कळलं नव्हतं... फुली सरकली. वारा नव्हता. फुली रानेवरून पोटावर, पोटावरून बरगड्यांवर आली, आणि हात थरथरतोय म्हणून ती सरकत्येय असं म्हणायला त्याला आवडलं असतं, पण हात थरथरत नव्हता. इतका स्थिर तो कधीच नव्हता. ना उर्वीच्या जन्माच्या वेळी, ना पहिल्यांदा ह्या देशात पासपोर्ट पुढे करताना. चितळाने मान वळवली, सरळ त्याच्याकडे पाहिलं, आणि पळालं नाही. उर्वी... असा विचार सुरू झाला आणि नावाशीच संपला. मार्च नव्हता. सही नव्हती. खांद्याच्या मागे, कलेजीच्या जरा पुढे. मी करतोय हे, त्याने स्वतःला स्वच्छ सांगितलं, दुसरं कुणी नाही.

आवाज झाला तो जाड पुस्तक मिटल्याएवढा. तबेल्यातली घोडी फुरफुरलीसुद्धा नाही.

चितळ चार पावलं चाललं आणि खाली बसलं, लांबचा प्रवास करून आलेला पाहुणा बसतो तसं, आधी पुढचे पाय दुमडून. गनी बादली टाकून धावला. सुरी उपसलेली. पोचला, वाकला, मानेवर हात ठेवला, तोंडात आलेली बिस्मिल्ला तशीच ठेवली, आणि उन्हासाठी तळहात डोळ्यांवर धरून ह्या दोघांकडे बघितलं.

"खलास, साब. इसमें कुछ नहीं बचा."

अबू सैफ उठला आणि त्याने कपड्यांवरचं गवत झटकलं.

"राम. हम बोला था, थोड़ा."

"सॉरी, अरबाब. हाथ..." आत्माराम म्हणाला आणि थांबला. हाताबद्दल खोटं बोलणं त्याला अचानक जड गेलं.

ते दोघं जवळ गेले. चितळाचा डोळा उघडा होता आणि त्यावर दुधाच्या सायीसारखा पडदा होता. मेल्यावर एवढ्या लवकर येतो? गनीने ते ओळखलं असावं. "ये साइड से अंधा था, साब. दो साल से. दिखता नहीं था," तो म्हणाला. म्हणजे सरळ आपल्याकडे पाहिलं ते... आत्मारामला राग आला, बिलावर लावलेला माल खोक्यात निघाला नाही की येतो तसला. ज्याच्याकरता त्याने श्वास रोखला होता, ती नजर नव्हतीच. हे मोजायचं का? आणि हा हिशेब कुणाकडे मागायचा, आणि मुळात आपण मोजायला का लागलो, हे सगळे प्रश्न एकापाठोपाठ आले, पण त्यांच्यापुढे, त्यांच्या बराच पुढे, त्याची नजर कुंपणाच्या कोपऱ्यात जमलेल्या बाकीच्यांवर फिरत होती. खांदा, खांद्याच्या मागे. खांदा, खांद्याच्या मागे.

तेव्हा अबू सैफचा हात त्याच्या खांद्यावर आला. जड, उबदार, अंगठी असलेला.

"राम," तो म्हणाला, "तुम थक गया है. कितना साल हुआ, अपना मुल्क ठीक से नहीं देखा."

आत्मारामने ते ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. ज्या वाक्याच्या भीतीने बुधवारपासून त्याला झोप नव्हती ते वाक्य हेच, जवळपास तसंच्या तसं, आणि ते त्याला शेजारच्या फ्लॅटमधल्या कुणाची तरी बदली झाल्याचं ऐकावं तसं ऐकू आलं. राजाभाऊंना आलं होतं ते पाणी डोळ्यांत येतंय का, हे त्याने तपासून पाहिलं. नव्हतं येत. त्याचा अंगठा मोकळ्या दस्त्यावर खटका शोधत होता.

"थका नहीं, अरबाब," तो म्हणाला. "वो कोने में जो है, वो भी नर है ना?"

अबू सैफने हात काढून घेतला. एकोणीस वर्षांत त्याने आत्मारामकडे बऱ्याच प्रकारे पाहिलं होतं, लाडाने, कंटाळून, न बघताच. असं पाहिलं नव्हतं. तो अर्धं पाऊल मागे सरकला, आणि हे आत्मारामला दिसलं, आणि बरं वाटलं, आणि बरं वाटायला नको हे कळूनही बरं वाटायचं थांबलं नाही.

गनी हरणाला मागच्या पायांना धरून ओढत शिकारी कुत्र्यांच्या आवाराकडे नेऊ लागला. फाटकाबाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला. रास अल खैमातल्या हॉटेलची गाडी होती, मागे ॲल्युमिनियमच्या झाकणाचं पातेलं.

चिकन बिर्याणी. अबू सैफने ती सकाळीच सांगून ठेवली होती.