चारची गाडी

ओब्दुलियाबाई आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर पोहोचल्या, आणि तिथेच घोटाळा झाला.

सांता रुफिनात चार म्हटलं की सहा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चारच्या लग्नाला पाद्रीबाबासुद्धा सहाला उगवतात. अशा गावातही उशिरासाठी नाव काढलं ते ओब्दुलियाबाईंनी. अकरा वर्षांपूर्वी लेक मारिक्रूस कामासाठी दूर उत्तरेला, तिहुआना शहरात निघाली, तेव्हा बाई तिच्यासाठी गोड पाव घ्यायला वाटेत थांबल्या आणि त्यांना दिसली ती नुसती बसची पाठ. तो पाव त्यांनी घरी बसून रडत रडत खाल्ला होता.

आज लेक पहिल्यांदाच परत येत होती. "आई, चारला पोहोचते," असं फोनवर म्हणाली. उत्तरेची ती गाडी आठवड्यातून एकदाच यायची, बाईंना तिची वेळ काय माहीत! त्या पावणेचारलाच थांब्यावर हजर. अंगात नवा झगा, हातात मक्याच्या पानांत गुंडाळलेल्या तामालेसची टोपली.

त्यांनी तिकिटाच्या खिडकीत तोंड घालून विचारलं, "किती वाजता येते रे गाडी, नेरेओ?"

"येईल की, मावशी," पेपरातून मान वर न काढता नेरेओ म्हणाला.

साडेचारला पुन्हा तोच प्रश्न.

"येतेय, येतेय."

पाच वाजले तेव्हा मात्र बाईंचा धीर सुटला. "मेल्या, कधीचा येतेय येतेय करतोयस! ते घड्याळ काय शोभेला टांगलंय? घाटात काही झालं का? खरं सांग, जिवाला घोर लागलाय माझ्या!"

त्यांचे डोळे भरलेले बघून नेरेओनं पेपर खाली ठेवला. "मावशी, गाडी सहाचीच आहे. मारिक्रूसनं मला बजावलंय. आईला चार सांगितलंय, म्हणजे सहाला नक्की येईल. म्हणाली, उतरताना आई समोर दिसायलाच हवी."

"कार्टी! जन्मदात्या आईला फसवते!" बाई रडता रडता खो खो हसत सुटल्या. मग त्यांनी दोन तामालेस काढून त्याच्यासमोर ठेवले. "खा. पण मी चारपासून इथे आहे, हे तिला कळलं तर बघ!"

सहाला पाच कमी असताना बाईंनी लेकीच्या स्वागताला चारला बोलावलेला बँड धापा टाकत आला, पाठोपाठ शेजारीपाजारी आले आणि वळणावर गाडीचा भोंगा वाजला. कर्णे दणाणले. दारातच मारिक्रूस थबकली.

"आई! अगं, तू आलीस? केव्हा आलीस?"

बाईंनी पदर नव्हता म्हणून झग्याच्या बाहीनं कोरडंच कपाळ पुसलं.

"ही काय, आत्ता येतेय! धावत आले बघ."

"वाटलंच मला," म्हणत लेक गळ्यात पडली आणि हसता हसता रडायला लागली. खिडकीत नेरेओनं पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. बाईंच्या पायांना उभं राहून राहून कळा लागल्या होत्या, पण घरापर्यंत त्या बँडच्या पुढे नाचत गेल्या.