फक्त पाइन नको

वेंडेल निएमीने पेटीवरची चादर ओढली आणि हात पुसत बाजूला झाला.

"घे," तो म्हणाला. "तुझ्या बिस्किटचं घर."

हॅडलीने प्लास्टिकचा डबा छातीशी धरला होता. डब्यात बिस्किट होता, करंगळीएवढ्या जाडीचा केशरी कॉर्न स्नेक, तिचा पहिला साप. पेटी तिला नीट दिसायच्या आधी पेटीचा वास आला आणि तिने डबा आणखी घट्ट धरला.

"सीडर," त्याने न विचारताच सांगितलं. "जुन्या झाडाचं. असं लाकूड आता बघायलाही मिळत नाही. एक गाठ शोधून दाखव बरं!"

गाठ नव्हती. लाकूड मधासारखं दिसत होतं. काचेचं दार खाचेतून अलगद सरकत होतं, त्याला छोटं कुलूप होतं, वर हवेसाठी जाळी होती. तिने जे जे सांगितलं होतं ते सगळं त्याने केलं होतं.

"ही उबेची बाजू, ही गार," डाव्या हाताने दाखवत तो म्हणाला. त्या हाताची दोन बोटं लाकडाच्या गिरणीतल्या करवतीने कधीच नेली होती. "लपायला दोन जागा. आणि अरुंद, अंगाला भिंत लागेल अशा. लपल्यावर भिंत लागली नाही तर साप घाबरतो म्हणालीस ना?"

"हो."

"आणि पाइन नको म्हणालीस. तेव्हाच डार्लीनला म्हटलं, पोरीला लाकडातलं कळतं. पाइनला काय, कुणीही हात लावतं."

हॅडलीच्या आईने, डार्लीनने, नवऱ्याच्या पाठीमागून लेकीकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती.

"छान आहे," हॅडली म्हणाली.

चूक तिचीच होती. साप घेतला त्या दुकानातल्या बाईने पाइन आणि सीडर दोन्ही नको म्हणून बजावलं होतं. दोन्हींच्या वासात विष असतं, सापाची फुफ्फुसं जातात. पण दुकानात पेटीत अंथरायच्या पिशव्या होत्या त्या पाइनच्या भुशाच्या, म्हणून घरी येऊन तिने फक्त पाइनचं नाव घेतलं. सीडर सापासाठी कोण वाया घालवणार? वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात सीडर छपराला लागे, बोटीला लागे, आणि माणूस फारच लाडकं असेल तर त्याच्या शवपेटीला.

वेंडेल छपराच्या फळ्या कापायच्या गिरणीत होता, त्याचा बापही तिथेच होता. डार्लीनशी लग्न केलं तेव्हा त्याने झोपायच्या खोलीच्या चारी भिंती सीडरने मढवून दिल्या. अंगठीपेक्षा तिला त्याचंच जास्त कौतुक. हॅडलीने मात्र वर्ष झालं तरी त्याला नावाने हाक मारली नव्हती. ती त्याला तुम्ही म्हणे, तेही अगदी अडलं तर. साप आणायला आईने साफ नाही म्हटलं होतं. हट्ट धरून हो म्हणायला लावलं ते वेंडेलने, आणि त्याला स्वतःला तर सापाची चांगलीच भीती वाटे.

तो अंघोळीला गेल्यावर तिने आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, सीडरमध्ये साप मरतात."

"हळू बोल."

"मरतात, आई."

"त्या फळ्या त्याच्या वडलांनी ठेवलेल्या," डार्लीन म्हणाली. "बोट करायची म्हणून जन्मभर सांभाळल्या त्याने. माझ्यासाठीसुद्धा त्यांना करवत लावली नाही, तुझ्यासाठी लावली. वास काय, उडेल चार दिवसांत."

"मी सांगते त्यांना. नीट सांगते."

"आज नको, हॅडली. आजचा दिवस त्याला खुशीत राहू दे."

आज नको ते दुसऱ्या दिवशीही नकोच झालं. मग हॅडलीने आपला मार्ग काढला. बिस्किट प्लास्टिकच्या डब्यात, पलंगाखाली राहू लागला. गिरणी सुटायची वेळ झाली की ती त्याला उचलून पेटीत सोडे. वेंडेल यायचा, जेवणाचा डबा ओट्यावर ठेवायचा, आणि अंगावरच्या भुशासकट तिच्या खोलीत येऊन पेटीसमोर जमिनीवर बसायचा. काचेपासून जरा अंतर राखूनच.

"आज कुठं दडलाय?"

"उबेच्या बाजूला."

"शहाणा आहे."

तेवढंच बोलणं व्हायचं. पण पूर्वी तेवढंही होत नव्हतं, आणि त्याच्या तोंडावरचा आनंद पाहून तिला रडू यायचं. तो खोकत खोकत उठला की ती दार लावून बिस्किटला परत डब्यात ठेवायची. भिंतीपलीकडून खोकला बराच वेळ येत राही. सर्दी आहे, तो म्हणे. ही सर्दी लग्नाच्या आधीपासूनची होती.

मग गिरणीतलं मोठं यंत्र मोडलं आणि कामगारांना घरी बसवलं. वेंडेल दिवसभर घरात. हॅडली शाळेत गेली की तो खुर्ची घेऊन पेटीसमोर बसे, आणि आल्यावर तिला सगळी हकीकत देई: पाणी प्यायला, फांदीवर चढला, एकदा माझ्याकडेच बघत होता. बिस्किटला आता पेटीतून हलवायची सोय राहिली नाही. भीत भीत तिने जाळी मोठी करू या का विचारलं, तर त्याने त्याच दिवशी करून टाकली. वास तसाच होता.

बिस्किटने उंदीर खाल्ला नाही. परत दिला, परत नाही. तो डोकं उभं धरून बसू लागला, नाक वर करून, जणू पाण्याबाहेर तोंड काढतो आहे. तिने आईला बोलावून दाखवलं.

"दमलाय बिचारा," डार्लीन म्हणाली आणि लगेच निघून गेली.

रविवारी चर्चमधून आल्यावर वेंडेल कपडे न बदलता तिच्या खोलीत आला. हॅडली पेटीजवळच होती. तो शेजारी बसला आणि पहिल्यांदाच त्याने कान जाळीला लावला.

"हा शिट्टी का मारतोय?"

तिने काचेवर बोट टेकवलं.

"हॅडली, साप असा वाजतो का?"

"नाही."

"मग?"

धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन डार्लीन दारात येऊन थांबली होती. हॅडलीने आईकडे पाहिलंच नाही.

"सीडरमुळे," ती म्हणाली. "त्याच्या वासाने ह्यांची फुफ्फुसं जातात. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तुम्हाला फक्त पाइन म्हटलं, सीडरचं म्हणायचं राहिलं. आणि मग तुम्ही इतकी..."

वेंडेल पेटीकडे वळला. मग त्याने वरच्या फळीवरून हात फिरवला, गाठ शोधावी तसा.

"सीडरच्या पेटीत कपड्यांना कसर लागत नाही," तो म्हणाला. "माझी आई लोकरीचं सगळं सीडरमध्येच ठेवायची."

"कसर का लागत नाही?" हॅडलीने विचारलं. आवाज तिच्या मनात होता त्यापेक्षा चढलाच. "कसर मरते म्हणूनच ना?"

"तीस वर्षं मी ह्याच धुळीत उभा आहे. मला काय झालं?"

त्याला रागाने म्हणायचं होतं, पण वाक्य संपता संपता खोकला आला आणि थांबेचना. तो पेटीची कड धरून वाकला. मान लाल झाली, डोळ्यांतून पाणी आलं. डार्लीनने टोपली खाली ठेवली, पण ती दारातून हलली नाही. खोकला थांबला तेव्हा बिस्किटची बारीक शिट्टी पुन्हा ऐकू आली. ती संपायच्या आतच वेंडेलच्या छातीतून तशीच दुसरी आली.

ती त्यानेही ऐकली.

"तुझा डॉक्टर दुसरं काय म्हणाला होता?" डार्लीन म्हणाली. "गिरणी सोड म्हणाला. मला म्हणालास, हॅडलीला सांगू नकोस."

"डॉक्टरला लाकडातलं काय कळतं," वेंडेल म्हणाला. पण हे त्याने अगदी हळू, पेटीला सांगितल्यासारखं सांगितलं.

त्याने कुलूप काढून काच सरकवली. इतके दिवस अंतर राखून बसणाऱ्या माणसाने हात आत घातला आणि बिस्किटला खालून, पोटाला आधार देत, हॅडली उचलायची तसंच उचललं. साप त्याच्या उरलेल्या बोटांना विळखा घालून बसला. वेंडेलने श्वास रोखून धरला होता.

"डबा कुठंय ह्याचा?" त्याने विचारलं.

तिने पलंगाखालून डबा ओढला. डब्यात ताजं पाणी होतं, लपायला पुठ्ठ्याची नळी होती. ते पाहून त्याला सगळं कळलं असावं. त्याने बिस्किटला अलगद आत सोडलं. डबा त्याने स्वतः बैठकीच्या खोलीत नेला आणि खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला.

"उद्या ह्याला जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं," तो म्हणाला. "मी नेतो. तो जगेल ना?"

"माहीत नाही. लवकर बाहेर काढलं तर जगतात."

त्याने मान हलवली. डार्लीन आत जाऊन सीडरच्या खोलीतून वेंडेलची उशी घेऊन आली होती. हॅडलीने ती हातात घेतली, हुंगली, सीडरचा वास आला तशी परत आईच्या हातात दिली. मग आपल्या पलंगावरची उशी आणि गोधडी आणून तिने सोफ्यावर टाकली.

"सापाला उशी?" वेंडेलने विचारलं. हसायचा प्रयत्न केला.

"तू पण," हॅडली म्हणाली. "आजपासून तू पण इथेच झोपायचंस, वेंडेल."

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा डब्याकडे. मग तो सोफ्यावर बसला आणि खाली वाकून बुटाची नाडी सोडू लागला.