गाळाला फुटलेला पान्हा

"बोला, गाळमायचा..."

"उदो, उदो!"

अमडापूरच्या पुढच्या त्या पाझर तलावावर पाय ठेवायला जागा नव्हती. ऑटो, छोटा हत्ती, ट्रॅक्टर. उतरणाऱ्या बहुतेक सगळ्या बायका, कापूस वेचणाऱ्या. कोपरापासून मनगटापर्यंत पुरळ. खाजवून खाजवून रक्त काढलेलं.

ट्रॉलीवर गाळमहाराज उभा. पुढ्यात तांब्याचा हंडा, बाजूला लोबानचा धूर. हंड्यातून त्याने काळा गाळ मुठीत घेतला, वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि मूठ पिळली.

बोटांतून पांढरी धार लागली. दुधासारखी.

"पाहा! धरणीले पान्हा फुटला! हे दूध खाज खाईन, उवा खाईन, साडेसाती खाईन, सासूचा जाच खाईन!"

सासूचा जाच ऐकल्यावर 'उदो' जरा जास्तच जोरात आला.

मग एका पोरीच्या डोक्याला गाळ चोपडला. उवा टपाटपा गळल्या. कुत्र्याला चोपडला, गोचिडं गळली. डोळ्यांदेखत. बायका रडायलाच लागल्या.

तळ्याच्या दुसऱ्या अंगाला झेबा मांडीभर पाण्यात उभी राहून प्लास्टिकचा पाइप तळाच्या गाळात ठोकत होती. अर्धं आयुष्य तिने हेच केलं. नदी-तळ्यात जे जे पडतं, साबण, मैला, विष, ते शेवटी तळाला बसतं. थरावर थर. झेबा ते थर काढून तपासायची. तिचा बाप बद्रुद्दीन अमडापुरात गाद्या पिंजायचा. कोणी विचारलं तर सांगायचा, "पोरगी सरकारी चिखल मोजते."

ते साल गुलाबी बोंडअळीचं. बीटी बियाणं आलं तेव्हा सांगितलं होतं, आता फवारणी गेली. या साली बीटीच्या बोंडातच अळी निघाली, आणि माणसं रोज पाठीवर पंप बांधून निघाली. पंप धुवायचे कुठं? याच तळ्यात. म्हणूनच झेबा आली होती.

आदल्या दिवशी गीताबाई भेटली होती. शाळेत एका पट्टीवर बसलेल्या दोघी. सोबत तिची पोरगी पंचफुला, दोन्ही हात सोलून निघालेली.

"गीता, तो गाळ नको लावू. आधी मले तपासू दे."

"तुह्या तपासणीले दिवाळी उजाडन, झेबा. महाराजाच्या गाळानं खाज आंघोळीच्या आत जाते."

खरंच जात होती. तीच तर गंमत.

आज पंचफुलाला तिसरा लेप. गळ्यापासून पायापर्यंत, भर उन्हात. बसल्या बसल्या तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली. मग हातपाय ताडताड उडायला लागले. लुगडं ओलं झालं. ती आडवी पडली, तोंडाला फेस.

"आली!" महाराज किंचाळला. "अवदसा बाहेर येऊन राह्यली! धरा तिले! तुळशीराम, आसूड आण!"

तुळशीराम म्हणजे त्याचा चेला. पोरीचा बाप कडूबा याने स्वतःच तिचे हात दाबून धरले. बापाने. पहिला फटका पाठीवर बसला. दुसरा खांद्यावर, चोळी फाटली, कातडी फाटली. गर्दी ओरडली, "बोल, कोण आहेस? बोल!" पोरगी काय बोलणार? तिला श्वास येत नव्हता.

झेबा पाइप खांद्यावर घेऊन चिखलातून धावत आली. गर्दीत घुसली, पोरीची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली आकसून मोहरीएवढी झालेली.

"मारू नका! विष चढलं हिले! फवारणीचं विष! दवाखान्यात न्या!"

"तुह्या पिराची जागा नाही हे," तुळशीराम म्हणाला आणि काठी घातली. झेबाचा ओठ फाटला. दुसरी काठी कानशिलावर. ती पडली तर लाथ बरगडीत. तिच्या नमुन्यांच्या बाटल्या कोणीतरी दगडावर आपटल्या. ज्या बायका सकाळी तिला 'बाई, चहा घ्या' म्हणत होत्या, त्याच थुंकल्या.

"झेबाले मारू नका वं!" गीताबाई मध्ये पडली, तिलाही एक बसली.

झेबा पाइप ओढत, रांगत कडूबापर्यंत पोचली. तोंडातून रक्त गळत होतं.

"कडूबाभाऊ, एकच सांगा. ड्रममधल्या पाण्यात फवारणीचं औषध टाकलं तर पाणी कसं होते?"

"पांढरं होते. काऊन?"

"कशासारखं पांढरं?"

कडूबाची नजर हंड्याकडे गेली.

तिने पाइप उलटा करून ठोकला. तळ्याचा काळा गाळ त्याच्या हातावर पडला. "हा याच तळ्यातला. आता काढला. पाणी घाला, पिळा."

"मायची परीक्षा पाहता? पोट्टी मरन तुही!" महाराज ओरडला.

पण कडूबाने पिळलं. गढूळ, मातकट पाणी निघालं. पुन्हा पिळलं. तेच.

तो उठला. हंड्यातला गाळ घेतला, पाणी ओतून मूठ पिळली. दूध. मग ती मूठ त्याने नाकापाशी नेली. कापसाच्या दिवसांत सदऱ्याला, गोधडीला, भाकरीलाही तोच वास असतो, म्हणून आजवर कोणाच्या नाकाला वेगळं काही कळलं नव्हतं. उरलंसुरलं लोबानने झाकलं होतं. आता मात्र त्याला बरोबर कळलं.

त्याने हंड्यामागचं पोतं ओढलं. पोत्याखाली औषधाचा कॅन. अर्धा रिकामा. त्याच्या स्वतःच्या वावरात अळीसाठी मारतात तोच.

"अबे भाडखाऊ..."

"त्याले मंग पाहू! आधी गाडी आणा!" झेबा ओरडली. "साबण आणा!"

बायकांनी पदरांचा आडोसा धरला. झेबा आणि गीताबाईने पोरीचे कपडे काढून तिला गर्दीसाठी आणलेल्या टँकरच्या पाण्याने साबण लावून धुतलं, केसांच्या मुळापर्यंत. आसुडाच्या वळांवर साबण चुरचुरला असेल, पण पोरगी शुद्धीत नव्हती. गाडी निघाली तेव्हा मागं हंडा उलटल्याचा आवाज आला, आणि महाराजाची किंकाळी.

दवाखान्यात डॉक्टरने सुईमागून सुई दिली. सांज होता होता पंचफुलाच्या डोळ्यातली बाहुली हळूहळू मोठी झाली. "माय, पाणी," ती म्हणाली. गीताबाई भिंतीला टेकून खालीच बसली.

तेवढ्यात दुसरी गाडी आली. लोकांनी हंड्यातला सगळा गाळ महाराजाच्या तोंडात कोंबला होता, अंगाला फासला होता. दात पडलेले, तोंडाला फेस, हातपाय ताडताड.

"डॉक्टरसाहेब, धावा!" तुळशीराम रडत होता. "महाराजाले विष चढलं! सुई द्या!"

गीताबाई उठली. "विष काऊन? अवदसा नाही का शिरली? आसूड कुठं ठेवला बे? आण, मी काढतो बाहेर!" तिने दारामागचा लोखंडी रॉड उचललाच.

झेबाने तिचा हात धरला. "गीता, सोड. त्यालेही तीच सुई लागते."

"तुले एवढं मारलं त्याहीनं!"

"हाव. मारलं. दार मोकळं कर."

डॉक्टरने त्याच खोक्यातली तीच सुई त्याला टोचली. तोही जगला. आता पोलीस त्याचं बघतील.

झेबा दुसऱ्या दिवशी सुजलेल्या तोंडाने परत तळ्यात उतरली. तपासणीत तळाच्या गाळातही विष निघालं. महाराजाच्या हंड्याच्या मानाने कणभर, पण निघालं. ते कोण्या महाराजाने टाकलं नव्हतं. पंप धुवून धुवून आपणच टाकलं. तिने हेही गावाला तोंडावर सांगितलं, आणि या वेळी कोणी काठी उचलली नाही.

ओल्या गार गाळानं खाज घडीभर थांबली हे खरं. उवा मेल्या हे खरं. गोचिडं मेली हेही खरं. दूध निघालं हेही सगळ्यांनी पाहिलं. पण कशानं, एवढं विचारायला काय लागते? ज्यानं ऊ मरते, त्यानं लेकरूही मरू शकते. पंप तळ्यात धुवू नका. आणि उद्या कोणी फेसाळून पडलं, तर आसूड शोधू नका, साबण-पाणी शोधा आणि दवाखान्याची गाडी.