डावा गाल

ऑपरेशननंतर न्हावी शुद्धीवर आला, डोक्यावरून हात फिरवला आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, "कुणी भादरलंय हे? हात बसलेला नाही त्याचा."

त्याच्या बायकोने त्या न बसलेल्या हाताला मनोमन हात जोडले. माणूस परत आला होता.

ना पडणं, ना आपटणं. वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूतली शीर आपणहून फुटली होती. डॉक्टरांनी साचलेलं रक्त काढलं. जीव वाचलाय, म्हणाले, बाकीचं किती भरून येईल ते काही महिन्यांनी कळेल. चालणं आलं. बोलणं तर गेलंच नव्हतं. फक्त डावीकडचं जग त्याच्या हिशेबातून उडालं होतं. डोळे ठणठणीत, पण मेंदू तिकडे ढुंकून बघायला तयार नाही. ताटात डावीकडे वाढलेली भाजी तशीच राही आणि भाजी वाढलीच नाही म्हणून हा रुसून बसे.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, त्यांच्या डावीकडे बसा, तिकडून बोला, त्यांना मान वळवू दे. पण मायेला कुठली शिस्त? बायकोने भाजी उजवीकडे सरकवली, मग चष्मा, मग पाणी, शेवटी स्वतःची खुर्चीही. त्यामुळे आपल्यात काही उणं आहे हे त्याला पटेना. उद्यापासून दुकान उघडतो, म्हणाला. परक्या माणसाच्या गळ्याशी वस्तरा तिला नको होता. आधी घरच्यावर हात चालवा, ती म्हणाली. धाकटा दीर मुकाट्याने आरशासमोर बसला.

न्हाव्याने मागे उभं राहून फेस लावला, उजवा गाल लोण्यासारखा साफ केला, वस्तरा पुसला आणि म्हणाला, "झालं."

डावा गाल कोरडा, कालच्या खुंटांसकट. दीर म्हणाला, "झकास, दादा." आणि तिच्याकडे बघत राहिला.

ती उठून नवऱ्याच्या डावीकडे गेली. "अहो, अर्धीच झालीय."

"डोळे तपासून घे तुझे."

तिने त्याचा हात धरून दिराच्या डाव्या गालावर ठेवला. बोटांना खुंट लागले. बोटं पुन्हा पुन्हा तिथेच फिरली. मग त्याने मान वळवली, सावकाश, गंजलेलं दार ढकलावं तशी, आणि आधी गाल पाहिला, मग तिला.

"कधीपासून?"

"शुद्धीवर आल्यापासून."

"आणि सगळे गप्प?"

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "तुम्ही खावं म्हणून सगळं उजवीकडे लावत गेले."

मग वस्तरा मिटून त्याने तिच्या हातात दिला. "हा कपाटात ठेव. दुकानाचं नंतर बघू." दाढी कातरायचं मशीन उचललं, डाव्या हाताचं बोट भावाच्या डाव्या कानापाशी रोवलं आणि त्या बोटाच्या दिशेने चाचपत निघाला.

"अजून डावीकडे," ती म्हणाली.

"वहिनी, कान सांभाळायला सांगा," दीर म्हणाला.