धन्याच्या डबीतली चिमूट

मी डबी बोलतेय. तपकिरीची डबी. शिंकायचं असेल तर आत्ताच शिंकून घ्या. गोष्ट रंगात आली की कुणीतरी हमखास शिंकतं आणि माझा धागा तुटतो.

तशी मी जन्मानं डबी नाही. ओरनच्या खोऱ्यात एक काळतोंड्या एडका होता, त्याच्या डोक्यावरचं डावं शिंग म्हणजे मी. एडका भारी तापट. आमच्या धन्याचा, म्हणजे कुळाच्या नायकाचा, मुलगा ईवर नऊ वर्षांचा असताना एडक्याच्या शेपटीला काटेरी फांदी बांधायला आला. आम्ही वळलो, मान खाली घातली आणि कुळाच्या वारसाला उचलून थेट दलदलीत टाकलं. पोर कमरेपर्यंत रुतलं. त्याचा दूधभाऊ फिनले काठावर उभं राहून आधी पोटभर हसला आणि मग त्यानं त्याला ओढून बाहेर काढलं.

धन्याची मुलं धन्याच्या घरात वाढत नाहीत. ती कुळातल्या एखाद्या घरी देतात. ईवर एफ्रिकच्या घरी वाढला. फिनले तिचा धाकटा. दोघं एकाच आईचं दूध प्यायले आणि तिच्या एकाच लाकडी डावाचा मारही त्यांनी वाटून खाल्ला.

थोरल्या धन्यानं एडक्याला शिक्षा केली, म्हणजे त्याचा रस्सा केला. रस्सा सगळ्यांनी ओरपला आणि मला चांदीचं झाकण बसवलं. साखळीला एक चिमुकला चमचा लावला आणि मिशीवर सांडलेली तपकीर झटकायला सशाचा एक पाय. ज्याला ढुशी मारली त्याच्याच नाकाखाली जन्म काढायची वेळ आली हो माझ्यावर!

आता आमच्या खोऱ्याची रीत ऐका, तिच्यावरच सगळं रामायण घडलं. धन्याच्या डबीतली चिमूट ज्यानं ओढली, त्यानं सूर्य मावळेपर्यंत धन्याच्या एका मागणीला नाही म्हणायचं नाही. रीत दोन्हीकडून होती. धन्यानं दुसऱ्या कुणाच्या डबीतली चिमूट घेतली, तर धनी बांधला गेला. म्हणून आमचे धनी सात पिढ्या दुसऱ्याच्या तपकिरीला शिवले नव्हते. शहाणे होते.

थोरला धनी माझा उपयोग जपून करायचा. कुणाचं छप्पर उडालं की चार माणसांपुढे मला धरायचा आणि म्हणायचा, "चला, हात लावा." तेवढंच. तो गेला, ईवर धनी झाला आणि मी फिनलेच्या हातात आले. धन्याची डबी दूधभावानं वाहायची आणि स्वतः त्यातली चिमूट कधी घ्यायची नाही, हीसुद्धा रीतच.

ईवर दिसायला देखणा आणि बोलायला त्याहून देखणा. तरुणपणी परमुलखात दोन वर्षं लढून आला होता. गालावर एक वण होता. तो तलवारीचा आहे असं तो बायकांना सांगायचा. मी रोज त्या गालाजवळ असायचे, मला विचारा. तो वस्तऱ्याचा होता.

मग त्याला पार्लमेंटात जायची हुक्की आली. आमच्या अख्ख्या परगण्यात मतदार होते नऊ. चार ईवरचे, चार पलीकडच्या खोऱ्यातल्या टॉर्मॉडचे. टॉर्मॉड म्हणजे काठीला कोट घातलेला माणूस, आमच्या कुळाचा पिढीजात वैरी. नववा मतदार ईवरचा म्हातारा चुलतचुलता होता. तो कुंपणावर बसून दोन्हीकडची व्हिस्की पीत होता. ईवरनं गप्पा मारता मारता मला पुढे केलं. म्हाताऱ्यानं सवयीनं चिमूट ओढली, शिंकला आणि मग डोळे वटारून म्हणाला, "मेल्या, फसवलंस!" पण मत द्यावंच लागलं. ईवर पार्लमेंटात गेला आणि तिथंच त्याला माझी चटक लागली.

लंडनचं काय सांगू? तिथले उमराव माझ्यातली तपकीर ओढायचे आणि डोळ्यांतलं पाणी पुसायच्या आत दिलेला शब्द फिरवायचे. मला किळस आली. एका मंत्र्यानं ईवरला सांगितलं, "अमेरिकेतल्या लढाईला पलटण उभी करतोय. नोव्हेंबरातल्या मार्टिनमसच्या सणापर्यंत जो पूर्ण शंभर माणसं आणील, तो त्यांचा कर्नल. टॉर्मॉडलाही हेच सांगितलंय." ईवरनं तिथल्या तिथे हो म्हटलं आणि संध्याकाळी शिंप्याकडे जाऊन सोनेरी गोंड्यांचा लाल कोट बेतून घेतला. माणूस एकही नव्हता, कोट मात्र तयार!

खोऱ्यात आलो. मला पुढे धरून ईवर घरोघर फिरायला लागला. बातमी आमच्याही आधी पोचली होती.

"घे रे, चिमूट घे," तो लाखलन सुताराला म्हणाला.

"नको धनी, पडसं झालंय."

पुढच्या घरी नाक चोंदलं होतं. त्याच्या पुढच्या घरी बाई दारातूनच म्हणाली, "त्यांना नको धनी. त्यांना वासच येत नाही, लग्न झाल्यापासून." ऐन उन्हाळ्यात अख्ख्या खोऱ्याला पडसं! आठवडाभरात जेमतेम आठ जण मिळाले. त्यातले तिघे लढाईपेक्षा सासूला घाबरणारे होते.

मला हसू आवरत नव्हतं. पण त्यानंतर जे झालं, त्याचं मला आजही हसू येत नाही.

म्हातारा मर्डो वारला. मयताला आमच्याकडे शवपेटी अंगणात ठेवतात आणि मयताच्या घरची तपकीर सगळ्यांपुढे फिरवतात. तिथे चिमूट नाकारणं म्हणजे मेलेल्याच्या तोंडावर थुंकणं. त्या दिवशी ईवर फिनलेला म्हणाला, "मर्डोच्या घरात तपकीर संपलीय. आपलीच फिरव." भोळा फिनले मला घेऊन फिरला. आसपासच्या साऱ्या वाड्यांवरची माणसं जमली होती. रडणाऱ्या माणसाला कुणाची डबी पुढे आलीय हे कुठे दिसतं? ब्याण्णव तरण्या पोरांनी चिमूट घेतली.

मूठमाती झाली तसा ईवर दगडावर चढला आणि म्हणाला, "मला शिपाई हवेत."

सगळ्यांनी एकदम माझ्या झाकणाकडे पाहिलं. आया मटकन जमिनीवर बसल्या. फिनलेनं मला गवतात ठेवलं आणि तो तीन दिवस ईवरशी बोलला नाही. मी तरी आधीच बोलले असते तर बरं झालं असतं, पण आम्हा डब्यांना तोंड असतं ते फक्त उघडायला.

मार्टिनमसच्या दिवशी दुपारी मेजर व्हिटकॉम्ब माणसं मोजायला आला. टॉर्मॉड आपली शंभर माणसं पूर्ण करून मुद्दाम आमची मजा बघायला टेकाडावर येऊन बसला होता. मेजर रांगेतून चालला आणि एका जागी थांबला.

"याचा पाय लाकडाचा आहे."

"एकच," ईवर म्हणाला.

मेजरनं त्याला बाजूला काढलं. राहिले नव्याण्णव. टेकाडावरून टॉर्मॉडनं टोपी काढून झकास मुजरा केला. ईवरचा चेहरा त्याच्या कोटासारखा लाल झाला. सूर्य कलायला लागला होता. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि मग फिनलेच्या हातातून मला घेतलं, झाकण उघडलं आणि मला फिनलेच्याच पुढे धरलं.

"ईवर," फिनले हळू आवाजात म्हणाला, "माझे थोरले दोघं भाऊ तुझ्या वडलांच्या हाकेला लढाईवर गेले आणि तिथल्या माळावरच राहिले. आईला मी एकटाच उरलोय."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक असून?"

ईवरनं मला मागे घेतलं नाही. फिनलेचा हात उठला. त्यानं जन्मात ईवरला नाही म्हटलं नव्हतं. मी झाकण मिटायला बघत होते, पण चांदीची बिजागरी, ती काय ऐकते माझं!

तेवढ्यात मधेच एक सुरकुतलेला हात घुसला. एफ्रिक! पोरांना वाटेत खायला ओटच्या भाकऱ्या घेऊन आली होती. तिनं चिमूट कसली, मूठच भरली. नाकाला लावली आणि अशी शिंकली, अशी शिंकली, की मेजरचं घोडं बिथरलं.

"हं," ती डोळे पुसत म्हणाली. "आता माग."

"आई, तू कशाला मधे पडतेस!"

"चिमूट ओढलीय मी. माग, नाहीतर रीत मोडली असं सगळ्यांना ओरडून सांग."

ईवर चिडला. चिडला की त्याची जीभ त्याच्या डोक्याच्या पुढे धावायची. "मला शंभरावा माणूस हवाय!" तो ओरडला. "दुसरं काही नकोय मला!"

"मिळाला," एफ्रिक म्हणाली. भाकऱ्यांची टोपली तिनं फिनलेच्या हातात दिली, चौकड्याचं कांबळं खांद्यावर नीट घेतलं आणि रांगेच्या टोकाला जाऊन ताठ उभी राहिली.

मेजर मोजत आला. "अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव... ही म्हातारी आहे!"

"सत्तरच वर्षांची आहे," एफ्रिक म्हणाली. "दोन्ही पाय माझेच आहेत, बघा. दातही आहेत, तीन."

पोरं हसायला लागली. मयतानंतर पहिल्यांदाच हसली. ईवर धावत तिच्याजवळ गेला आणि दबल्या आवाजात म्हणाला, "आई, घरी जा. माझी लाज काढू नकोस. टॉर्मॉड बघतोय."

"जाते की," ती म्हणाली. तिनं कमरेची स्वतःची लाकडी डबी काढली आणि त्याच्यापुढे उघडून धरली. "घे."

हसणं थांबलं. सात पिढ्यांत कुठल्याही धन्यानं हे केलं नव्हतं. तो पाठ फिरवून जाऊ शकला असता, तो हक्क होता त्याला. त्यानं त्या नव्याण्णव पोरांकडे पाहिलं. मयतातून उचललेली पोरं ती. सगळी त्याच्याकडेच बघत होती. त्यानं बोटं घातली आणि चिमूट ओढली.

"माग, आई."

"शंभरावा तू हो."

मेजरला कुणीतरी अर्थ सांगितला तेव्हा तो खो खो हसला. "कर्नलला स्वतःला मोजता येत नाही, महाराज. रांगेत उभे राहिलात तर साधे शिपाई. मग तुमची ही माणसंही त्या टेकाडावरच्या गृहस्थांच्या पलटणीत."

"टॉर्मॉडच्या हाताखाली?" ईवर म्हणाला. त्याचा आवाज नऊ वर्षांच्या पोराचा झाला होता. मग तो एफ्रिककडे वळला. "फिनलेला वाचवायला मला पाठवतेस?"

"दोघांनाही मीच पाजलंय," ती म्हणाली. "एकाला ठेवून घेते, एकाला पाठवते. मला काय सोपं वाटतंय का रे? पण ज्यांना फसवून नेतोस, त्यांच्याबरोबर चिखलात तूही चाल. आणि परत आलास की आधी माझ्या दारात यायचं. समजलं?"

त्यानं लाल कोट उतरवला. तो टॉर्मॉडला दिला गेला. बाह्या त्याच्या कोपरापर्यंतच आल्या, एवढंच काय ते आमचं समाधान. मग ईवरनं मला फिनलेच्या हातात ठेवलं.

"सांभाळ," तो म्हणाला. "मला आता कुणाकडे काही मागायचं नाही."

लढाई मी पाहिली नाही. पार्लमेंटातली ईवरची जागा रिकामी राहिली. तिथे ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही, असं ऐकते. मी सहा वर्षं एफ्रिकच्या फळीवर तिच्या लाकडी डबीशेजारी बसून होते. पहिली चार वर्षं म्हातारी रोज दारात उभी राहून वाटेकडे बघायची. नंतर ती नव्हती.

शंभरांतले एकाहत्तर परत आले. ईवर सगळ्यांच्या मागून लंगडत आला. आपल्या वाड्याकडे न वळता सरळ आमच्या दारात थांबला. गालावर आता खरा वण होता.

"आई?" त्यानं हाक मारली.

फिनले बाहेर आला. "दोन हिवाळे झाले," तो म्हणाला.

ईवर उंबऱ्यातच उभा राहिला. मग हात लांब करून त्यानं फळीवरची लाकडी डबी घेतली. तळाला दोन चिमटी उरल्या होत्या. एक त्यानं ओढली. शिंक आली नाही त्याला.

"चिमूट घेतली मी," तो म्हणाला. "आता तिनं मागायला हवं."

"सूर्य मावळायला वेळ आहे अजून," फिनले म्हणाला. "बस."

दोघं पायरीवर बसले. ईवर न आलेल्यांची नावं सांगत राहिला, एकेक करून, कोण कुठे पडला, शेवटी काय म्हणाला. फिनले ढसाढसा रडला. ऊन डोंगराच्या टोकावर गेलं तेव्हा ईवर म्हणाला, "काही मागितलं नाही रे तिनं."

"काय मागितलं असतं, सांगू?"

"सांग."

"म्हणाली असती, पायांचा चिखल पुसून आत ये."

ईवरनं पाय पुसले. बराच वेळ पुसत होता.

पुढे तो पुन्हा पार्लमेंटात गेला आणि म्हातारा होईपर्यंत तिथे बडबडला. पुढच्या लढाईला मंत्र्याचं पत्र आलं, माणसं पाठवा म्हणून. ईवरनं मला तळ्यावर नेलं, माझ्यातली सगळी तपकीर पाण्यात झटकली आणि मंत्र्याला एका ओळीचं उत्तर लिहिलं, "दिलगीर आहे, अख्ख्या खोऱ्याला पडसं झालंय."

आता मी फिनलेच्या पणतीच्या फळीवर असते, रिकामी. माझ्यात तिच्या सुया असतात. शेजारी ती लाकडी डबी अजून आहे आणि तिच्या तळाशी अजून एक चिमूट शिल्लक आहे. मला हवं तर उघडा, वाजवा, नाकाला लावून बघा, माझी काही हरकत नाही. तिला मात्र हात लावू नका बाबांनो. म्हातारी काय मागेल, नेम नाही.