लाल रेघेच्या खाली

९ ऑगस्ट २०२४, शुक्रवार, सकाळचे सात, तापमान ९८.६. गंगाधररावांनी पत्नी सरोजिनीबाईंच्या नावाच्या तक्त्यात पहिली नोंद केली. तंत्रनिकेतनात शिकून सूतगिरणीच्या बॉयलरवर पस्तीस वर्षे काढलेल्या या गृहस्थांचा विश्वास एकाच गोष्टीवर होता: काटा दाखवील तेच खरे.

नात वैष्णवी आदल्या दिवसापासून १०३ तापाने फणफणली होती. डॉक्टर राजशेखर यांनी फ्लूचे निदान करून बजावले होते, "घरात आणखी कुणाला ताप आला, तर लगेच घेऊन या." गंगाधररावांनी तक्त्यावर १००.४ पाशी, जिथून ताप धरतात तिथे, लाल रेघ मारली.

रविवारी वैष्णवी उठून भाकरी मागू लागली. सरोजिनीबाईंनी मात्र अंथरूण धरले.

"अहो, अंगात त्राणच नाही. डॉक्टरांकडे जाऊ या का?"

"अगं, ९८.८ आहे. ताप कुठाय?"

"मी काय तुमचा बॉयलर आहे होय?"

"बॉयलर बरा. कुरकुर करत नसे."

त्या हसल्या आणि हसताना त्यांना धाप लागली. तक्त्यात धापेसाठी रकाना नव्हता.

सोमवारी दुपारी त्या पतीकडे पाहून म्हणाल्या, "अव्वा, नीर कोड." माहेर कानडी बोलणाऱ्या मैंदर्गीचे, पण पन्नास वर्षांच्या संसारात त्या पतीशी कधी कानडी बोलल्या नव्हत्या. आज त्या आईकडे पाणी मागत होत्या, आणि आईला जाऊन तीस वर्षे झाली होती. गंगाधररावांनी घाईने थर्मामीटर लावला: ९९.१. रेघ अजून दूर होती. तरीही त्यांनी रिक्षा बोलावली.

रुग्णालयात ऑक्सिजन ८१ भरला.

"काका, इतका उशीर?" डॉक्टर राजशेखरांनी विचारले.

त्यांनी तक्ता पुढे केला. तो वाचता वाचता राजशेखरांचा आवाज खाली आला. "ताप शरीर स्वतःच आणतं, लढण्यासाठी. उतारवयात तेवढी ताकद राहत नाही. विषाणू वाढत जातो, पारा मात्र जागचा हलत नाही. गळून जाणं, धाप, हे भ्रमातलं बोलणं, हाच काकूंचा ताप होता. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"आता मी काय करू?"

"बाहेर बसा, काका."

पाच दिवस ते काचेपलीकडच्या यंत्रावरचे आकडे वाचत बसले. प्रत्येक आकड्याचा अर्थ विचारून घेतला. पण फिरवायला एकही झडप त्यांच्या हाती नव्हती.

शनिवारी, १७ ऑगस्टला, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी सरोजिनीबाई गेल्या. साऱ्या आजारातला त्यांचा सर्वाधिक ताप: ९९.१.